डिजिटल माध्यमे, संस्कृती आणि समाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलणे निघाले की ‘मोबाइलने पिढी बिघडवली’ आणि ‘तंत्रज्ञान हे शेवटी साधनच’ ही दोन वाक्ये हमखास कानांवर पडतात. दोन्ही बोलायला सोपी आहेत आणि दोन्हींनंतर चर्चा पुढे सरकत नाही. खालील उत्तरांचा रोख म्हणून थोडा वेगळा ठेवला आहे. अक्षरमर्यादा किती असावी, कोणती पोस्ट आधी दिसावी, कोणती संख्या मोजावी असे लहानसहान तांत्रिक निर्णय कोण घेते आणि ते निर्णय पुढे आपल्या सवयी कसे बनतात, याकडे ही उत्तरे पाहतात.

‘डिजिटल माध्यम तंत्रज्ञान’ म्हणजे नेमके काय?

मजकूर, आवाज आणि चित्र यांचे अंकांत रूपांतर करून ते साठवणारी, पाठवणारी आणि त्यातले काय कुणाला दाखवायचे हे ठरवणारी सगळी व्यवस्था यात येते. हातातला फोन हा तिचा डोळ्यांना दिसणारा भाग. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत ‘वेब’चा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्रज्ञान सर्वांना विनामूल्य खुले केले, आजच्या माध्यमविश्वाचा पाया तिथे आहे.

माध्यम अंकांत गेल्यामुळे प्रत मुळाइतकीच चांगली निघते, हे सर्वांना माहीत आहे. त्याहून मोठा बदल असा की वाचण्याचीही नोंद होऊ लागली. छापील वर्तमानपत्राच्या संपादकाला वाचकाने कोणती बातमी अर्ध्यावर सोडली हे कधीच कळत नसे. आता ते सेकंदाच्या हिशेबाने कळते, आणि पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

तंत्रज्ञान समाजाला घडवते की समाज तंत्रज्ञानाला?

माध्यमातून काय सांगितले जाते यापेक्षा ते माध्यम अस्तित्वात असण्यानेच समाज अधिक बदलतो, अशी मांडणी कॅनडाचे अभ्यासक मार्शल मॅक्लुहन यांनी १९६४ मध्ये केली. ब्रिटिश अभ्यासक रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये तिला हरकत घेतली. यंत्रे आकाशातून पडत नाहीत, कुणाच्या तरी गरजेपोटी आणि कुणाच्या तरी पैशावर ती घडतात, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पन्नास वर्षांनंतरही हा वाद मिटलेला नाही आणि तो एका बाजूने मिटण्यासारखाही नाही.

हॅशटॅगचे उदाहरण पाहावे. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना या ट्विटर वापरणाऱ्याने विषयवार संदेश एकत्र करण्यासाठी शब्दाआधी # हे चिन्ह लावावे असे सुचवले. कंपनीला ही कल्पना आधी फारशी रुचली नाही. लोक मात्र ती वापरत राहिले आणि २००९ मध्ये कंपनीने हॅशटॅगला दुव्याचे रूप दिले. पुढे याच चिन्हाभोवती जगभर चळवळी उभ्या राहिल्या. तेव्हा वापरणाऱ्यांनी तंत्रज्ञान वाकवले हे खरे, पण वाकवलेले रूप पक्के करण्याचा अधिकार कंपनीकडेच राहिला, हेही तितकेच खरे.

या सेवा फुकट कशा मिळतात, आणि त्याचा संस्कृतीशी काय संबंध?

बहुतेक सेवांचा खर्च जाहिरातदार उचलतात. ही कल्पना डिजिटल युगाची नाही. न्यूयॉर्कमध्ये १८३३ साली सुरू झालेल्या ‘द सन’ या वर्तमानपत्राने इतर पत्रे सहा सेंटला मिळत असताना आपला अंक एका सेंटला विकला आणि तूट जाहिरातींतून भरून काढली. खप हेच भांडवल ठरल्यावर काय होते, तेही लगेच दिसले. १८३५ मध्ये याच पत्राने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे आढळल्याची लेखमाला छापली. ती धादांत खोटी होती आणि लोकांनी ती आवडीने वाचली.

आज विकला जाणारा माल वाचकाचा वेळ आणि लक्ष हा आहे. माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगितले होते. पान कधी संपूच नये अशी रचना, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, लाल ठिपक्यातला आकडा, ही सगळी त्या दुष्काळातली शेती आहे.

अल्गोरिदम नेमके काय करतो? त्याचा इतका बाऊ का केला जातो?

तो क्रम लावतो. ऐकायला हे किरकोळ वाटते; पण हजारो गोष्टींपैकी पहिल्या दहाच नजरेखालून जाणार असतील, तर क्रम लावणे म्हणजेच निवड करणे होय.

सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने ‘न्यूज फीड’ सुरू केले. तोवर मित्राचे काय चालले आहे हे पाहायला त्याच्या पानावर जावे लागे. आता सगळ्यांच्या हालचाली एका ओळीत समोर येऊ लागल्या. लोक चिडले आणि काही दिवसांतच लाखो जण निषेधाच्या गटांत सामील झाले. गंमत अशी की हा निषेध इतक्या झपाट्याने पसरला तो त्याच फीडमुळे. फीड लोकांना खेचून घेते, हा कंपनीने यातून घेतलेला धडा निषेध करणाऱ्यांना नको असलेला होता.

क्रम कोणत्या मापाने लावायचा, यावर पुढचे सगळे ठरते. यूट्यूबने २०१२ मध्ये किती जणांनी पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला जास्त महत्त्व द्यायला सुरुवात केली. फसवे शीर्षक लावून क्लिक मिळवणारे व्हिडिओ त्यामुळे मागे पडले. त्याच वेळी चार मिनिटांत संपणारा विषय बारा मिनिटे ताणण्याचा मोहही वाढला. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२१ मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार २०१७ पासून काही काळ रागाच्या चेहऱ्यासकट सर्व भावचिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले जात होते. कुणी संतापून चिन्ह दाबले की ती पोस्ट आणखी लोकांपुढे जाई. संतापाचे वजन पुढे कमी करत २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. समाजातील संताप या आकड्याने जन्माला घातला असे कुणी म्हणणार नाही. मात्र कोणता आवाज मोठा ऐकू यावा हे एका कोष्टकातल्या संख्येने ठरत होते, आणि ऐकणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती.

प्रयोगही झाले आहेत. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमधील आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी करून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो हे फेसबुकने तपासले. परिणाम आढळला, पण अगदी थोडा. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा वाद पेटला तो त्या परिणामापेक्षा न विचारता प्रयोग केल्याबद्दल, आणि तो रास्त होता.

भाषेवर काय परिणाम होतो? भाषा बिघडते का?

भाषा बिघडण्याची तक्रार प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर येते. तिच्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की माध्यमाच्या आत कोणत्या भाषेसाठी किती जागा ठेवली गेली.

मोबाइलवरील लघुसंदेशाची मर्यादा १६० अक्षरांची आहे हे पुष्कळांना ठाऊक असते. ती मर्यादा १९८० च्या दशकात युरोपीय अभियंत्यांनी ठरवली आणि ती रोमन लिपीची आहे. तोच संदेश देवनागरीत लिहिला की एका संदेशात जेमतेम ७० चिन्हे मावतात, कारण प्रत्येक चिन्हाला जास्त जागा लागते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे ‘स्त्री’ हे एक अक्षर लिहिताना सहा चिन्हे खर्च होतात. बटणांच्या फोनवर एका पिढीने मराठी रोमन अक्षरांत लिहायची सवय लावून घेतली, तेव्हा त्यांना आळशी म्हणण्याआधी हा हिशेब पाहायला हवा होता.

युनिकोड ही जगातील लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एकच ठरावीक क्रमांक देणारी संगणकीय पद्धत; तिच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तिच्यात आहे. त्याआधी, आणि प्रत्यक्षात त्यानंतरही बरीच वर्षे, प्रत्येक फॉन्टची सांकेतिक रचना निराळी असे. एका संगणकावर नीट दिसणारा लेख दुसऱ्यावर उघडला की चौकोन आणि चिन्हांचा रांगोळीसारखा सडा पडायचा. युनिकोडने ही अडचण दूर केली आणि देवनागरी मजकूर शोधता येऊ लागला. शोधता न येणारा मजकूर आंतरजालावर असून नसल्यासारखाच असतो.

तरी बारकावे उरतातच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हाताने लिहिताना रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांतला फरक बोटांत बसलेला असतो. कळफलकावर मात्र साधा ‘र’ आणि हलन्त दाबले की रफारच उमटतो. अर्ध्या ‘ऱ’साठी नुक्ता असलेला निराळा ‘ऱ’ शोधून काढावा लागतो. युनिकोडच्या तक्त्यात हा ‘ऱ’ द्राविडी भाषांतील एका उच्चाराच्या लिप्यंतरासाठी म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याचे अर्धे रूप मराठीच्या कामाला येते. ज्याला हे माहीत नसते तो ‘दर्या’ लिहून ‘दऱ्या’ वाचले जाईल अशी आशा बाळगतो. फोनचा शब्द सुचवणारा भाग तेच चुकीचे रूप शिकतो आणि पुढच्या दहा जणांना सुचवतो. लेखनातला बदल असाही घडतो, आणि त्यासाठी कुणी ठराव मांडलेला नसतो.

इमोजींबद्दल थोडक्यात : शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये एका जपानी मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रांचा संच तयार केला, प्रत्येक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांचे. लिहिलेल्या वाक्याला आवाजाचा चढउतार नसतो; ती उणीव ही चित्रे काही प्रमाणात भरून काढतात. त्यांनी शब्दांची जागा घेतल्याची भीती मला अनाठायी वाटते.

संगीतासारख्या कलांचे रूपही तंत्रज्ञानाने बदलते का?

बदलते, आणि हे फार जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. गायिका गौहर जान यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात केलेल्या ध्वनिमुद्रणांत तासभर खुलणारा राग त्या तीन मिनिटांत बसवला गेला, आणि शेवटी त्या स्वतःचे नाव उच्चारत, कारण मुद्रिका दूर जर्मनीत छापली जाई आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळायला हवे असे. तांत्रिक सोयीसाठी उच्चारलेले ते नाव पुढे त्यांची ओळख झाले.

आज स्पॉटिफाय या संगीतसेवेवर ३० सेकंद ऐकल्यावर गाणे ‘ऐकले’ असे मोजले जाते. श्रोता एकतिसाव्या सेकंदाला निघून गेला तरी हिशेबात फरक पडत नाही; एकोणतिसाव्याला गेला तर पडतो. गाण्याच्या सुरुवातीचा वाद्यमेळ आखूड का होत चालला, मुखडा आधीच का येऊ लागला, याचे एकमेव नव्हे पण एक कारण या हिशेबात आहे.

माणसामाणसांतील संबंधांवर काय परिणाम झाला?

व्हॉट्सअॅपच्या निळ्या खुणा हे यासाठी पुरेसे उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या सुरू झाल्या आणि संदेश वाचला गेला हे पाठवणाऱ्याला दिसू लागले. पत्राच्या काळात उत्तर न येण्याला टपाल, आजारपण, प्रवास अशा अनेक सबबींचा आडोसा होता. आता खुणा निळ्या होतात, नावाखाली ‘टाइप करत आहे’ असे उमटते, थांबते, पुन्हा उमटते आणि मग काहीच येत नाही. त्या अर्ध्या मिनिटात पलीकडच्याने काय लिहून पुसले असेल याचा विचार करत बसणे हा पूर्वी नसलेला अनुभव आहे. लोकांनी तक्रारी केल्यावर या खुणा बंद करण्याची सोय द्यावी लागली. पण बंद करणाऱ्यालाही मग ‘काय लपवतो आहेस?’ हा प्रश्न चुकत नाही.

खोटी माहिती खऱ्यापेक्षा वेगाने पसरते, हे खरे आहे का?

ट्विटरपुरते याचे भक्कम उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास करून तो २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली. यंत्रचलित खाती खऱ्या आणि खोट्या दोन्ही बातम्या सारख्याच वेगाने पसरवत होती. फरक पडत होता तो माणसांमुळे. खोट्या बातमीत नावीन्य अधिक असते, आणि नवे काही आपल्याला आधी कळले हे सांगण्याची हौस फार जुनी आहे.

म्हणून सगळा दोष माणसाच्या स्वभावावर टाकून मोकळे व्हावे, असे मात्र नाही. स्वभाव तोच राहिला तरी रचना बदलली की वर्तन बदलते. व्हॉट्सअॅपने जानेवारी २०१९ मध्ये एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जगभर लागू केली आणि एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. त्यानंतर अशा संदेशांचे पुढे जाणे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. संदेश खरा की खोटा हे कुणी तपासले नाही. पाठवणे थोडे कष्टाचे केले, इतकेच.

याची दुसरी बाजू भयंकर आहे. म्यानमारमध्ये रोहिंग्या मुस्लिमांविरुद्धच्या हिंसाचाराला चिथावणी देण्यासाठी आपल्या मंचाचा वापर होत असताना तो रोखायला आपण पुरेसे काही केले नाही, हे फेसबुकने २०१८ मध्ये मान्य केले. बर्मी भाषा जाणणारे तपासनीस फारच थोडे होते, आणि बराच बर्मी मजकूर युनिकोडशी न जुळणाऱ्या फॉन्टमध्ये लिहिला जात असल्याने यंत्रालाही तो नीट वाचता येत नव्हता. लिपीच्या सांकेतिक रचनेचा प्रश्न भाषाप्रेमींच्या हौसेपुरता नाही, तो असा.

समाजमाध्यमांमुळे सामान्य माणसाला आवाज मिळाला, की सत्तेला नवे हत्यार?

दोन्ही घडले, बहुधा त्याच माध्यमांतून. टॅराना बर्क यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी ‘मी टू’ हे शब्द २००६ मध्ये वापरायला सुरुवात केली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये हॅशटॅगच्या रूपाने ते काही दिवसांत जगभर पोहोचले. अकरा वर्षांचे काम आणि काही दिवसांचा प्रसार, यांतला दुसरा भागच लोकांच्या लक्षात राहतो, हाही माध्यमाचाच परिणाम म्हणायचा.

इजिप्तमध्ये जानेवारी २०११ च्या अखेरीस सरकारने जवळपास सगळ्या देशाचे इंटरनेट सुमारे पाच दिवस बंद ठेवले. सरकारविरोधी निदर्शने थांबली नाहीत. ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले. त्यानंतरच्या काळात अनेक सरकारांनी तोडण्यापेक्षा पाळत ठेवणे आणि आपलाच प्रचार भरून टाकणे अधिक सोयीचे मानले आहे.

मुलांच्या मनावर होणाऱ्या परिणामांबद्दल विज्ञान काय सांगते?

पालकांना हवे तितके स्पष्ट उत्तर विज्ञानाकडे नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये मोठ्या सर्वेक्षणांचे विश्लेषण केले, तेव्हा किशोरवयीनांच्या स्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. दुसऱ्या बाजूला काही अभ्यासक म्हणतात की सरासरीत सगळेच झाकले जाते. रात्री दोनपर्यंत स्वतःच्या चेहऱ्याची इतरांशी तुलना करत बसणारी मुलगी आणि चित्रकला शिकणारी मुलगी यांना एकाच ‘तीन तास’ या रकान्यात टाकून काही कळणार नाही. मला हा आक्षेप वजनदार वाटतो.

कायदे मात्र पुराव्याची वाट पाहत थांबलेले नाहीत. सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देणारा ऑस्ट्रेलियाचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला.

हे परिणाम सगळ्यांवर सारखेच होतात का?

नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटपासून दूर होते. पुरुषांपैकी ७० टक्के ते वापरत होते, स्त्रियांपैकी ६५ टक्के. अर्ज, परीक्षा, उपचार सगळे ऑनलाइन गेले की जोडलेल्यांची सोय वाढते आणि न जोडलेल्यांसाठी आधी उघडे असलेले दारही बंद होते.

खासगी माहितीचा प्रश्न खरोखर इतका गंभीर आहे का?

केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या प्रकरणाकडे पाहिल्यास उत्तर मिळते. फेसबुकवरील एक व्यक्तिमत्त्व-चाचणी काही लाख लोकांनी घेतली. पण त्यांच्या मित्रांची माहितीही उचलता येत असल्याने २०१८ मध्ये कंपनीने मान्य केलेला आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत गेला. यांतील बहुतेकांनी कशालाच ‘होय’ म्हटलेले नव्हते. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे, कारण आपली माहिती आपल्या एकट्याची कधीच नसते. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा त्याच वर्षी, २५ मे रोजी लागू झाला.

कृत्रिम बुद्धिमत्तेने यात काय नवे आणले?

आजवर यंत्रे माणसांनी केलेल्या गोष्टींचा क्रम लावत होती. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये खुले झाल्यापासून गोष्टीही यंत्रेच तयार करू लागली आहेत. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे फुगीर पांढऱ्या कोटातले बनावट चित्र जगभर फिरले आणि पुष्कळांना ते खरे वाटले. ते चित्र निरुपद्रवी होते. अधिक चिंता वाटावी अशी गोष्ट म्हणजे खऱ्या चित्रफितीलाही आता ‘हे यंत्राने बनवलेले आहे’ असे म्हणून झटकून टाकता येते.

आंतरजालावर गेलेली गोष्ट कायमची राहते, हे खरे का?

नको असलेल्या गोष्टी राहतात, हव्या असलेल्या नाहीशा होतात, असा बहुतेकांचा अनुभव आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. लाखो हौशी लोकांनी बांधलेली जिओसिटीज ही वेबपानांची वसाहत तिच्या मालक कंपनीने २००९ मध्ये बंद केली. मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये सांगितले की सर्व्हर हलवताना बारा वर्षांतले संगीत गमावले गेले.

इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती जपते आहे, पण लॉगिनच्या भिंतीआडचे आणि अॅपच्या आतले जग तिच्या आवाक्याबाहेर आहे. छापील अंक माळ्यावरच्या पेटीत विसरला गेला तरी पन्नास वर्षांनी सापडतो. बंद पडलेल्या सेवेवरील छायाचित्रांच्या बाबतीत शेवटचा ईमेल येतो, त्यात मुदत दिलेली असते, आणि तो ईमेल बहुधा जाहिरातींच्या कप्प्यात न उघडता पडून असतो.